उठमणू ओळखणारे शहर आणि सहा रुपयांचा शेअर

सुरतच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारात 'उठमणू' हा शब्द कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. मूळ गुजरातीत तो माणूस गेल्यानंतरच्या शोकसभेचा शब्द. बाजारात त्याचा अर्थ एवढाच, की पार्टी उठली. दुकानाचे शटर खाली, फोन बंद, उधारीवर उचललेला माल भलतीकडेच विकलेला. पण पार्टी उठण्याआधी कुजबुज सुरू झालेली असते. दलाल चहाचा घोट घेता घेता सांगतो, अमक्याचे पेमेंट लांबतेय, साठ दिवसांची धारा (उधारीची मुदत) नव्वदवर गेलीय. ऐकणारा व्यापारी मान हलवतो आणि त्या दिवसापासून त्या पार्टीला एक ताकाही पाठवत नाही.

तोच व्यापारी संध्याकाळी मोबाइल उघडतो. त्याच्या डीमॅट खात्यात व्होडाफोन आयडियाचे शेअर पडलेले असतात, कधी चौदाने घेतलेले, कधी अकराने. भाव सातवर आलेला असतो. देणी थकलेली, मुदती पुन्हा पुन्हा वाढवून घेतलेल्या, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात चाललेले, हे सगळे त्याला ठाऊक असते. तरी तो आणखी दोन हजार शेअर घेतो. 'अॅव्हरेज केले,' असे शेजारच्याला सांगतो. दुपारी उधारी बंद करणारा आणि संध्याकाळी अॅव्हरेज करणारा माणूस एकच आहे, आणि या शहरात तसे हजारो असावेत.

त्यात मराठी माणूस कमी नाही. तापी मार्गावरच्या गाड्यांनी नंदुरबार, धुळे, जळगावहून आलेली खानदेशी कुटुंबे लिंबायत, उधना, दिंडोली या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहतात. महापालिका त्यांच्या मुलांसाठी मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. आजोबा यंत्रमागावर उभे राहिले, वडील मार्केटमध्ये मेहताजी झाले आणि नातवाच्या फोनमध्ये दोन ब्रोकरांची अॅप आहेत. शेअर घ्यायला पूर्वी दलालाच्या पेढीवर ओळख लागायची, आता आधार आणि पॅन पुरतात. राष्ट्रीय शेअर बाजाराकडे नोंदणी झालेल्या गुंतवणूकदारांची संख्या गुजरातमध्ये 2025 साली एक कोटीच्या पुढे गेली. त्याआधी हा टप्पा गाठणारी राज्ये दोनच, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. सुरतमधला मराठी घरचा मुलगा गावी गेला की पहिल्या राज्यातल्या भावांना टिप देतो आणि परत आला की तिसऱ्या राज्यातल्या मित्रांकडून घेतो.

व्होडाफोन आयडिया ही कंपनी सुरतकराला परकी नाही, आणि अडचण तिथूनच सुरू होते. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात गुजरातेत मोबाइल आला तेव्हा परवाने दोघांकडे होते. एक फॅसेल, जिच्या सेवेचे नाव होते सेलफोर्स. दुसरी बिर्ला एटी अँड टी. सेलफोर्सचे पुढे हच झाले, हचचे व्होडाफोन. बिर्लांच्या कंपनीची आयडिया झाली. म्हणजे जे दोघे एकमेकांची गिऱ्हाइके पळवत होते, ते 31 ऑगस्ट 2018 रोजी एका छपराखाली आले. नोंदणीकृत कार्यालय आजही गांधीनगरला आहे. ज्याने पहिला हँडसेट या कंपनीच्या सिमकार्डावर वापरला आणि ज्याचे मार्केटमधले सगळे संबंध त्याच नंबरवर जुळले, त्याला ही कंपनी बुडेल असे वाटणे अवघड जाते. दुकानाच्या पाटीवर रंगवलेला नंबर माणूस सहसा बदलत नाही. शेअर मात्र नंबरसारखा सांभाळायची वस्तू नव्हे.

आता थोडा हिशेब. आयडियाने 2007 साली भांडवल उभारले तेव्हा शेअर 75 रुपयांना दिला. विलीनीकरणानंतर 2019च्या वसंतात कंपनीने भागधारकांना हक्काचे शेअर साडेबारा रुपयांना देऊन 25,000 कोटी गोळा केले. त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा एजीआरचा (समायोजित एकूण उत्पन्नाचा) निकाल आला. 1999च्या धोरणानुसार दूरसंचार कंपन्यांनी ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नाचा वाटा सरकारला द्यायचा होता. भांडण एवढेच होते की 'उत्पन्न' कशाला म्हणायचे. भाडे, व्याज, लाभांश, भंगाराची विक्री यात धरायची की नाही? न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली आणि पंधरा-सोळा वर्षांची थकबाकी एकदम अंगावर आली. त्यात मूळ रक्कम साधारण चौथा हिस्सा. बाकी व्याज, दंड आणि दंडावरचे व्याज. सावकारी पाशाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या खानदेशी वाचकाला हे गणित नवे वाटणार नाही, फक्त सावकाराच्या जागी दिल्लीतले दूरसंचार खाते आहे.

जुलै ते सप्टेंबर 2019 या एका तिमाहीत व्होडाफोन आयडियाने 50,921 कोटींचा तोटा दाखवला. भारतीय कंपनीने एका तिमाहीत इतका तोटा त्याआधी दाखवला नव्हता. साडेबाराने घेतलेला शेअर त्या नोव्हेंबरात तीन रुपयांच्याही खाली गेला.

पुढची सहा वर्षे म्हणजे मुदतवाढीचा इतिहास आहे. सप्टेंबर 2020मध्ये न्यायालयाने थकबाकी दहा वर्षांत फेडायला परवानगी दिली. जून 2021मध्ये कंपनीचे अध्यक्ष कुमारमंगलम बिर्लांनी कॅबिनेट सचिवांना पत्र लिहिले, की सरकार सुचवील त्याला आपला हिस्सा द्यायची तयारी आहे. ऑगस्टमध्ये ते अध्यक्षपदावरून बाजूला झाले आणि शेअर साडेचारच्या आसपास घसरला. सप्टेंबरात केंद्राने देणी चार वर्षे पुढे ढकलायची मुभा दिली. बाजाराच्या भाषेत धारा वाढवून मिळाली, व्याज मात्र चालूच. फेब्रुवारी 2023मध्ये व्याजापोटीच्या 16,133 कोटींचे शेअर सरकारने घेतले. मार्च 2025च्या अखेरीस स्पेक्ट्रमच्या देण्यापोटी आणखी 36,950 कोटींचे. सरकारचा हिस्सा 48.99 टक्के झाला. तरीही त्यानंतर सरकारचे देणे 1.9 लाख कोटींहून जास्त उरले होते.

इथे अॅव्हरेज करणाऱ्याचे हुकमी पान येते: सरकार बुडू देणार नाही.

हे खरे असू शकते. बहुधा खरेच आहे. बाजारात तीनऐवजी दोनच खासगी कंपन्या उरणे कुठल्याही सरकारला परवडणारे नाही. जवळजवळ 20 कोटी गिऱ्हाइके आहेत आणि छोटे भागधारक सुमारे 60 लाख, हा आकडा कंपनीनेच सरकारपुढे मांडला होता. मे 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळली, पण ऑक्टोबर आणि नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने थकबाकीचा फेरविचार करायला सरकारला मोकळीक दिली, आणि भाव लगेच उसळला. कंपनी वाचेल असे म्हणणाऱ्याला वेड्यात काढायचे कारण नाही.

पण कंपनी वाचली म्हणजे भागधारक वाचला, हे कुणी सांगितले? रिंग रोडचा अनुभव नेमका उलटा आहे. पेढी बसली की व्यापारी संघटनेत बैठक होते, तडजोड होते. कापड देणाऱ्याला रुपयामागे काही पैसे मिळतात. पेढी कधी कधी नवा भागीदार घेऊन पुन्हा उभीही राहते. जुना भागीदार मात्र शेवटच्या रांगेत असतो, आणि पेढी उभी राहावी म्हणून आधी त्याचाच हिस्सा कापला जातो. घेणेकऱ्याला मिळते ते भागीदाराच्या पदरी पडत नाही. शेअर घेणारा घेणेकरी नसतो, भागीदार असतो, हे अॅपवर एका बटणाने खरेदी करताना विसरायला होते.

आकड्यांत पाहायचे तर साडेबारा रुपयांच्या त्या विक्रीनंतर 2019 साली कंपनीचे सुमारे 2,873 कोटी शेअर होते. 2025च्या रूपांतरानंतर ते 10,834 कोटी झाले. ज्याने तेव्हाचे शेअर हलवले नाहीत आणि नवे घेतले नाहीत, त्याचा वाटा कंपनीत आधी रुपया होता तर आता साधारण सव्वीस पैसे आहे. त्याच्या डीमॅटमध्ये आकडा तेवढाच दिसतो, दहा हजार म्हणजे दहा हजार. कुणी चोरी केली नाही, काही नाहीसे झाले नाही. फक्त भाकरी तेवढीच राहिली आणि पंगतीत पाने वाढत गेली. तीही भाकरी तेवढीच राहिली असे म्हणणे मोठ्या मनाचे होईल, कारण विलीनीकरणाच्या वेळी ग्राहक 40 कोटींहून जास्त होते आणि आता 20 कोटींच्याही खाली आहेत.

यातला एक गैरसमज सुरतमध्ये फार चालतो, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. मार्च 2025मध्ये सरकारने शेअर दहा रुपयांनी घेतला तेव्हा बाजारभाव सातच्या आत होता. लगेच गटागटांतून निरोप फिरले: सरकारच दहाने घेते म्हणजे किंमत दहाच्या वरच असणार. प्रत्यक्षात या शेअरचे दर्शनी मूल्यच दहा रुपये आहे, आणि कंपनी कायद्यानुसार नवे शेअर दर्शनी मूल्याहून कमी भावाने देता येत नाहीत. सरकारपुढे सातचा पर्यायच नव्हता. म्हणजे त्या दहात किमतीचा अंदाज नव्हता, कायद्याची खालची मर्यादा होती. साडीच्या पेटीवर छापलेल्या एमआरपीवरून सुरतचा व्यापारी तिची खरी किंमत कधी ठरवत नाही. इथे मात्र ठरवतो.

स्वस्त या शब्दाचाही हिशेब करायला हवा. सात रुपयांत चहा मिळत नाही, म्हणून सात रुपयांचा शेअर स्वस्त वाटतो. सात गुणिले 10,834 कोटी म्हणजे सुमारे 76,000 कोटी रुपये. एवढ्या किमतीला ही कंपनी घ्यावी का, असा प्रश्न विचारला तर उधन्यातला लूम्सवालाही दहा वेळा विचार करील. तोच सौदा सात रुपयांच्या तुकड्यांत आला की तो विचार न करता घेतो.

2019च्या वसंतात दोन कंपन्यांनी हक्काचे शेअर काढले होते. व्होडाफोन आयडियाचा भाव साडेबारा, भारती एअरटेलचा 220. एअरटेललाही एजीआरचा निकाल लागला. त्याच तिमाहीत तिचाही तोटा 23,045 कोटी होता. पण फेब्रुवारी 2020मध्ये तिने 10,000 कोटी एकरकमी भरले, पुढे पुन्हा भांडवल उभारले आणि जाळ्यावर खर्च करत राहिली. समजा कुणी दोन्हींकडे पंचवीस-पंचवीस हजार घातले असते. एकीकडे 2,000 शेअर, दुसरीकडे 113. घरात सांगायला दोन हजाराचा आकडा केव्हाही भारदस्त. जुलै 2025च्या सुरुवातीला एअरटेलचा भाव दोन हजारांच्या आसपास होता आणि व्होडाफोन आयडियाचा सातच्या थोडा वर. 113 शेअरांचे सव्वादोन लाखांहून जास्त झाले, 2,000 शेअरांचे पंधरा हजारांच्या आत. निकाल एकच, धंदा एकच, गिऱ्हाईकही एकच, लिंबायतमध्ये राहणारे.

हे लिहिताना एक गोष्ट दडवून चालणार नाही. या शेअरने पैसे दिलेही आहेत. 2019च्या नोव्हेंबरात तीनच्या आत घेऊन जून 2024मध्ये एकोणीसच्या वर विकणाऱ्याने सहापट कमावले. एप्रिल 2024च्या 18,000 कोटींच्या विक्रीत अकरा रुपयांना शेअर मिळाले आणि दोन महिन्यांत ते एकोणीसवर गेले. (त्या विक्रीत मोठ्या संस्थांचा भाग कित्येक पटींनी भरला आणि छोट्यांचा जेमतेम. यावेळी सामान्य माणूस संस्थांहून सावध होता, हे नोंदवायला हवे.) टाटा टेलिसर्व्हिसेस महाराष्ट्र हा तर त्याहून मोठा तमाशा. 2020मध्ये दोन-तीन रुपयांवर पडलेला तोट्यातला शेअर जानेवारी 2022मध्ये 290 रुपयांपर्यंत गेला. असा एक तरी माणूस प्रत्येक मार्केटमध्ये असतो, जो तिथे होता आणि वेळेत निघाला. मार्केटच्या जिन्यात त्याच्याभोवती कोंडाळे असते. जो 290ला शिरला तो जिना टाळून लिफ्टने जातो.

अशा खेळाला जुगार म्हणून झटकणे सोपे आहे आणि थोडे अन्यायाचेही. पैसे बुडाले तर चालतील एवढीच रक्कम घेऊन, बाहेर पडायचा भाव आधी ठरवून जो उतरतो, त्याला आपण काय करतो आहोत हे कळते. गोंधळ दुसऱ्याचा आहे, जो सट्टा करतो आणि त्याला गुंतवणूक म्हणतो. भाव उतरला की 'मी तर लाँग टर्मवाला' असे सांगतो आणि मुलीच्या शिक्षणाच्या पैशांतून अॅव्हरेज करतो. 2024 आणि 2025च्या मंदीत हिऱ्याच्या कारखान्यांनी लांबलांब सुट्ट्या दिल्या तेव्हा रत्नकलाकारांच्या हातात वेळ आणि फोन दोन्ही होते. तेव्हा स्वस्त शेअरांच्या टिपा कुणाच्या दारात आधी पोहोचल्या असतील, याचा अंदाज करायला पाहणी लागत नाही.

मालक स्वतः घेतोय हा भरवसाही तपासून घ्यावा. मे 2024मध्ये बिर्ला समूहाने 14.87 रुपयांनी शेअर घेतले. ऑगस्ट 2025मध्ये भाव सहाच्या थोडा वर होता. मोठ्या समूहाला असा घाव सोसतो, कारण त्याचे सिमेंट चालते, अॅल्युमिनियम चालते, कापड चालते. दिंडोलीतल्या घरात दुसरे सिमेंट नसते.

आणि जी कंपनी खरोखर बसली, तिचे काय होते तेही सुरतने जवळून पाहिले आहे. हजिऱ्यातल्या रिलायन्सच्या यार्नवर या शहराच्या साड्या उभ्या राहिल्या, आणि रिलायन्सचे शेअर इथल्या घरांत देवघराजवळच्या कपाटात ठेवले जात. रिलायन्सच्या मालक भावांची वाटणी झाली तेव्हा 2006मध्ये प्रत्येक शेअरमागे रिलायन्स कम्युनिकेशन्सचा एक शेअर आपोआप हातात आला. जानेवारी 2008मध्ये त्याचा भाव 800 रुपयांच्या पुढे होता. तो चारशेवर, शंभरावर, वीसवर येताना प्रत्येक पायरीवर अॅव्हरेज करणारे होते. फेब्रुवारी 2019मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या मार्गाने जायचे जाहीर केले आणि भाव एका दिवसात तिसऱ्या हिश्शाहून जास्त पडला. नंतर तो एक-दोन रुपयांत घुटमळत राहिला आणि तरीही त्याला गिऱ्हाईक मिळत राहिले. दिवाळखोरीच्या 2016च्या कायद्यात भागधारकाचा क्रम सगळ्यात शेवटी येतो. डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या बाबतीत 2021मध्ये तडजोड झाली, कंपनी पिरामल समूहाकडे गेली, चालूही राहिली आणि जुन्या भागधारकांचे शेअर शून्य करून टाकले गेले. शेवटच्या दिवसांपर्यंत तो शेअर 'स्वस्त' म्हणून विकत घेतला जात होता.

व्होडाफोन आयडियाचे तसे होईल, असा या लेखाचा दावा नाही. तिला ना पूर्ण मरू दिले जाते ना मोकळे जगू दिले जाते, आणि अशा अवस्थेत एखादी कंपनी वर्षानुवर्षे राहू शकते. 2025मध्ये तिने मुंबईनंतर ज्या शहरांत 5जी आणायचे जाहीर केले त्यांत सुरत होते. जिओ आणि एअरटेल 2022च्या ऑक्टोबरातच मैदानात उतरल्या होत्या. तीन वर्षे उशिरा उघडलेल्या दुकानातही गिऱ्हाईक येते, पण भाव पाडून आणि उशिराची भरपाई करून. त्यासाठी लागणारा पैसा कर्जातून येईल नाहीतर नव्या शेअरांतून. दोन्हींपैकी काहीही आले तरी त्याची किंमत आजचा भागधारक मोजणार. म्हणून पडलेल्या भावाकडे पाहणाऱ्याने भावाआधी तिमाही निकालातले दोन आकडे पाहावेत: एकूण शेअर किती झाले, आणि कमाईतून व्याज भागते की नाही. हे आकडे फुकट मिळतात. टिपेला निदान एक चहा तरी पाजावा लागतो.

लाभपंचमीला सुरतचे मार्केट पुन्हा उघडते. पूजा होते, चोपड्यांत कुंकवाची बोटे उमटतात. त्याआधीच्या पंधरवड्यात बहुतेक व्यापाऱ्यांनी फॅशन गेलेल्या साड्यांचे लॉट मिळेल त्या भावाने काढून टाकलेले असतात, उरलेसुरले किलोवर जाते. मार्चअखेर सीए येतो आणि गोदामातला माल खरेदीभाव किंवा बाजारभाव यांत जो कमी असेल त्याने धरतो. व्यापारी त्यावर हुज्जत घालत नाही, त्याच्या वडिलांच्या वेळीही असेच धरायचे. मग सीए विचारतो, शेअर कशाने धरू? व्यापारी फोन उघडतो, लाल आकड्याकडे बघतो आणि म्हणतो, ते राहू दे, ते अजून विकलेत कुठे.